किनाऱ्यावरचा वाटा

रापण एकट्याने ओढता येत नाही. होडीतून जाळं सोडत समुद्रात मोठं अर्धवर्तुळ काढायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि मग दोन्हीकडून पंचवीस-तीस माणसांनी कंबर मागे टाकून ते ओढत राहायचं. मालवणच्या पट्ट्यात देवबाग, तारकर्ली, वायरी, दांडी, तोंडवळी, आचरा इथली गाबीत घरं पिढ्यानपिढ्या हे करत आली. जाळ्याचे तुकडे वेगवेगळ्या घरांचे, होडी सामाईक, मेहनत सगळ्यांची. बांगडे, पेडवे, सौंदाळे वाळूवर आले की जागच्या जागी सौदा होतो आणि वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, दोराला हात लावणाऱ्याचा वाटा. रीत गावागावांत थोडी बदलते, पण दोर ओढलेला माणूस रिकाम्या हाताने घरी जात नाही, हे सगळीकडे सारखं.

या व्यवहाराला कुणी कधी ‘सामाजिक उद्योग’ म्हटलं नाही. तो शब्द अलीकडचा. बिल ड्रेटन यांनी १९८० मध्ये ‘अशोका’ ही संस्था काढली, मुहम्मद युनूस यांच्या जोब्रा गावातल्या प्रयोगाची १९८३ मध्ये ग्रामीण बँक झाली, २००६ मध्ये त्यांना आणि बँकेला नोबेल मिळालं, आणि ‘सामाजिक उद्योजकता’ ही कल्पना जगभर रुळली. धंदा करायचा, तो स्वतःच्या पायावर उभा राहील एवढी कमाईही करायची, पण तो करायचा लोकांची एखादी अडचण सुटावी म्हणून, असा तिचा साधा अर्थ. सिंधुदुर्गात या वाटेने गरिबी किती हटली, कुठे अडली, याचा हिशेब मांडायचा तर माझ्याजवळ माप एकच आहे, आणि ते रापणीचंच. वर्षाअखेरीला वाटा कुणाच्या हातात पडला?

इथली गरिबी पटकन दिसत नाही. चिऱ्याचं घर असतं, परसात माड असतात, ताटात बांगडा असतो, मुलं शिकलेली असतात. नसतो तो रोख पैसा. पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करायची, म्हणजे तांदूळ, सुकी मासळी, मिरची, लाकूडफाटा भरून ठेवायचा, तेव्हा घरातली बाई कुणाकडे हात पसरते, तिथे ही गरिबी उघडी पडते. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा कित्येक दशकं मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर जगला. जिल्हा झाल्यावर वर्षही पुरं झालं नव्हतं, तोच १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो चाकरमान्यांच्या घरची ती मनीऑर्डर थांबली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली. तिने गावी येणं सोपं केलं, तसं गाव सोडणंही. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आकसला. हजार पुरुषांमागे १,०३६ बायका, या २०११ च्या आकड्यात मुलींबद्दलचा आदर शोधू नये. पुरुष घरात नाहीत, एवढंच तो सांगतो.

या गरिबीचं दुसरं टोक मुंबईच्या गिरणगावात होतं. खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कोकणी गिरणी कामगाराला जेवू घालणारी खानावळवाली बाई स्वतः सावकाराच्या व्याजात बुडालेली असायची. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांची दारं त्यांना उघडून दिली. ग्रामीण बँकेला बँक म्हणून मान्यता मिळण्याच्या आठ वर्षं आधीची ही गोष्ट आहे. आपल्या मराठी वाचनात युनूस जितके येतात तितक्या प्रेमाताई येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

खुद्द सिंधुदुर्गात मात्र सुरुवात त्याहूनही आधी झाली होती. कणकवलीजवळ वागद्याला १९४८ मध्ये अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम उभारला. १८९४ ते १९७१ असं आयुष्य लाभलेल्या, कोकणचे गांधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागून घेतलं होतं. ते नाकारलं गेलं तेव्हा त्यांनी अन्न सोडलं आणि त्यांच्यासाठी येरवड्याला गांधीजींनीही उपास धरला. गोपुरीत अप्पांनी ज्या दोन गोष्टींना हात घातला, त्या दोन्हींपासून गाव नाक मुरडून दूर जात असे. एक मेलेलं जनावर, दुसरी माणसाची विष्ठा. जनावर मेलं की ते एका जातीच्या माथी मारायचं आणि त्या जातीला त्याच कामावरून विटाळ मानायचं, अशी ती व्यवस्था होती. ब्राह्मण घरात जन्मलेले अप्पा स्वतः कातडं सोडवायला बसले. कातडं, हाडं, चरबी, खत यांची किंमत त्यांनी लोकांपुढे मांडली. मैल्याचं सोनखत करणारे सोपे संडास बांधले, शेणाचा गॅस करून पाहिला.

गोपुरीचं चर्मालय गावोगाव पसरलं नाही. जातीच्या भिंतीपुढे अर्थशास्त्राचा हिशेब थिटा पडला, असं मला वाटतं. फायदा दिसत असूनही इतरांनी त्या कामाला हात लावला नाही. पण अप्पांनी विचारलेला प्रश्न अचूक होता. गाव जे फेकून देतं त्यात गावाचं भांडवल आहे का?

त्याच जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यातल्या झारापला, हाच प्रश्न पुढच्या पिढीने शेणापासून पुन्हा सुरू केला. डॉ. प्रसाद देवधर यांच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानची मुख्य ओळख बायोगॅसची. बायोगॅस आपल्याला नवा नाही, सरकारी योजनाही जुन्या आहेत, आणि बंद पडलेल्या संयंत्रांचे खड्डे महाराष्ट्रभर दिसतात. ते का बंद पडले, याचा विचार झारापच्या कामात दिसतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरं हवीत. जनावरं ठेवायची तर दुधाला गिऱ्हाईक हवं, चारा हवा, वेळेला डॉक्टर हवा. संयंत्राचं अनुदान काम झाल्यावर येतं, गवंड्याचे आणि सिमेंटचे पैसे आधी मोजावे लागतात, तेव्हा मधल्या काळापुरती बँक पाठीशी हवी. गवंडी गावातलाच असला तर गळती लागल्यावर तो सापडतो. यातला एक दुवा तुटला तरी खड्डा कोरडा पडतो. भगीरथने हे दुवे जोडण्याचं काम केलं, आणि मला त्या संस्थेचं मोठेपण नेमकं तिथे दिसतं.

चूल पेटवणाऱ्या बाईच्या बाजूने पाहिलं तर फरक आणखी स्पष्ट होतो. पावसाळ्यात ओल्या लाकडाचा धूर, त्याआधी एप्रिल-मेमध्ये डोक्यावरून आणलेल्या मोळ्या, हे सगळं सुटतं. वाचलेले तास परसबागेला, कोंबड्यांना, बचत गटाला मिळतात. संयंत्रातून निघणारी स्लरी माडा-पोफळीला जाते, विकतच्या खताचा खर्च उतरतो. अशा घराची रोख कमाई एकदम वाढलेली दिसणार नाही. घरातून बाहेर जाणारा पैसा थांबतो. गरिबी मोजणाऱ्या पाहण्यांत ही बाजू बहुतेक निसटते.

कर्जाबद्दल जगाचा अनुभव इथे ताडून पाहण्यासारखा आहे. २०१५ मध्ये सहा देशांतले सूक्ष्मकर्जाचे सहा अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. सगळ्यांचा सूर एकच होता, की नुसत्या छोट्या कर्जाने घराची परिस्थिती पालटत नाही, थोडासा आधार मिळतो. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये सूक्ष्मकर्ज कंपन्यांच्या वसुलीवर सरकारला अध्यादेश काढावा लागला, तो त्याच कल्पनेचा अंधारा चेहरा होता. २०१५ मध्येच दुसरा अभ्यास आला, बांगलादेशच्या ‘ब्रॅक’ने घडवलेल्या पद्धतीचा. अतिगरीब घराला एखादं जनावर किंवा साधन द्यायचं, काही काळ पोटापुरता पैसा द्यायचा, शिकवायचं, आणि दोनेक वर्षं कुणीतरी घरी येऊन विचारपूस करत राहायचं. इथिओपियापासून पेरूपर्यंत सहा देशांत, त्यात भारतही होता, या पद्धतीचे परिणाम बऱ्यापैकी टिकले. झारापची गाय, गोठा, गवंडी आणि बँक यांची साखळी मला याच जातकुळीची वाटते. सोबत लागते. ती महाग पडते, आणि म्हणूनच देणगीदारांना ती आवडत नाही.

कुडाळलाच आणखी एक निराळा प्रयोग २००४ पासून चालू आहे. कोकण बांबू अँड केन डेव्हलपमेंट सेंटर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘कॉनबॅक’. कुडाळ-सावंतवाडीच्या बांधावर माणगा नावाचा बांबू पूर्वीपासून आहे. त्याला काटे नसतात, आतून तो जवळजवळ भरीव असतो, आणि फारशी राखण न करता वाढतो. शेतकरी तो काठीच्या भावाने विकत आला. इथून ट्रक भरून घाटावर जायचे आणि तिथल्या टोमॅटोच्या, द्राक्षाच्या मळ्यांत आधाराच्या काठ्या व्हायच्या. कॉनबॅकने त्याच काठीवर प्रक्रिया करून कीड लागू न देता तिचं फर्निचर, घरं, पर्यटकांसाठीच्या झोपड्या उभारायला सुरुवात केली आणि इथल्या कारागिरांना ते काम शिकवलं. जंगलाबाहेरच्या बांबूला कायद्याने झाड मानणं नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद झालं, तेव्हा तोडीची आणि वाहतुकीची मोठी कटकट गेली. तरीही बहुतेक माणगा अजून काठी म्हणूनच जिल्ह्याबाहेर जातो. एक चांगली संस्था रस्ता दाखवू शकते. सगळा माल त्या रस्त्याने वळवायला तिच्यासारख्या दहा लागतील.

काजूचं दुखणं याहून मोठं आहे, आणि तिथे थोडं थांबायला हवं. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ पासूनचं. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या तिथल्या जाती आज देशभर लागतात. १९९० नंतर रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळझाडं लावायची योजना आली आणि कातळाच्या, वरकस जमिनीच्या डोंगरांवर आंबा-काजू चढला. गेल्या अर्धशतकात या जिल्ह्याची गरिबी सर्वांत जास्त कमी केली ती कुठल्या संस्थेने नव्हे, या सरकारी योजनेने, असं माझं स्पष्ट मत आहे. सामाजिक उद्योजकतेचं गुणगान करताना हे विसरू नये.

झाडं लागली, बी आली. पुढचं काय? चार किलो बियांतून साधारण एक किलो गर निघतो. बी वाफवायची, फोडायची, गर सुकवायचा, साल काढायची, प्रत लावायची. फोडताना टरफलातल्या तेलाने हात भाजतात, म्हणून बोटांना तेल किंवा राख चोळून बायका बसतात. हे काम करणाऱ्या जवळपास सगळ्या बायकाच, आणि मजुरी बहुतेक किलोवर. बी विकणारा शेतकरी एप्रिलमध्ये भाव ठरवायला बसत नाही. त्याला पैसे हवे असतात, आणि आफ्रिकेतून आलेली बी बाजारात उतरली की भाव पडतो. ज्यांनी गावात लहान युनिट काढलं त्यांची खरी अडचण यंत्राची नाही. काजूचा हंगाम तीन-चार महिन्यांचा, कारखाना चालवायचा बारा महिने. म्हणजे वर्षाची बी हंगामातच विकत घेऊन ठेवावी लागते आणि तेवढं खेळतं भांडवल बचत गटाजवळ नसतं. मशीनला अनुदान मिळतं, बी भरून ठेवायला मिळत नाही. कुलूप लागलेली किती युनिटं या एकाच कारणाने बंद आहेत, हे गावात कुणालाही विचारावं.

आणि बोंडू? बीपेक्षा कितीतरी पट वजनाचं, रसाळ फळ. सीमेपलीकडे गोव्यात त्याची फेणी होते, तिला २००९ पासून भौगोलिक मानांकनही आहे. आपल्याकडे ते बहुतेक झाडाखाली कुजतं. अप्पांचा तोच जुना प्रश्न दर उन्हाळ्यात काजूच्या बागेत वास मारत पडलेला असतो. कोकमाच्या बाबतीत आपण जरा बरे. सालीचं आमसूल होतं, रसाचं आगळ होतं, बियांचं मुठेल होतं, आणि हे घरच्या घरी बायकांच्या हातून होतं.

आता किनाऱ्याकडे वळू. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या नऊ बायकांनी २०१७ मध्ये कांदळवनाची सफर सुरू केली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा सिंधुदुर्ग किनाऱ्यावरचा जैवविविधता प्रकल्प आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष यांची त्यांना मदत झाली. मासेमार घरांतल्या या बायका. होडी त्याच वल्हवतात, तिवर कुठला, चिपी कुठली, मुळं वर का येतात, माशांची पिल्लं इथे का वाढतात, हे पर्यटकाला त्याच सांगतात. कांदळवन तोडलं तर सफर संपली, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. त्याच वर्षी राज्याची कांदळवन संरक्षण व उपजीविका योजना आली आणि खाडीकाठच्या गटांना कुर्ल्या, कालवं, शिणाने, जिताडा यांच्या पालनासाठी अनुदान मिळू लागलं. ही सगळीच पालनं सारखी चालली नाहीत. कुर्ल्यांचं बीज वेळेवर मिळत नाही, पावसात खाडीचं पाणी एकदम गोडं होतं आणि कालवं मरतात. पण तिसरे-मुळे वेचून विकणाऱ्या बाईला खाडीची जी माहिती असते ती कुठल्याच प्रशिक्षणात मिळत नाही, आणि या योजनेने पहिल्यांदाच त्या माहितीला ज्ञान म्हणून मोजलं.

पर्यटनाचं एकूण चित्र एवढं निखळ नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा झाला. तारकर्ली-देवबागच्या मासेमार घरांनी माडाखाली दोन-तीन खोल्या बांधल्या, घरच्या बाईच्या हातचं जेवण दिलं, मुलगे स्नॉर्केलिंगच्या होड्यांवर गेले. पैसा थेट घरात आला, मधे दलाल नाही. रापणीचा वाटा मात्र इथे पडत नाही. समुद्राला लागून ज्याची जागा तो सुधारला. मागच्या वाडीतली बाई त्याच्या खोल्या झाडते, भांडी घासते. पिंगुळीच्या ठाकरांची गोष्ट यात थोडी दिलासा देते. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला परशुराम गंगावणे यांनी गावातच संग्रहालय मांडून जिवंत ठेवली, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कलाकार पाहुण्याच्या दारात गेला नाही, पाहुणा त्याच्या अंगणात आला.

देवगडच्या हापूसची लढाई वेगळीच, नावाची. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कर्नाटकाचा आंबा देवगडच्या पेटीत भरणं थांबलं नाही. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळागणिक वेगळा क्रमांक असलेले स्टिकर आणले. घाटावर सहकार साखरेवर वाढला, कोकणात तो कधी नीट रुजला नाही, या पार्श्वभूमीवर मला हे मोलाचं वाटतं. पण त्याच बागांत राखण करणारा, फवारणी करणारा, झाडावर चढणारा गडी बहुतेक नेपाळचा असतो. आमची मुलं मुंबईला गेली आणि त्यांच्या जागी हिमालयातून माणसं आली. त्यांच्या झोपड्या बागेतच, मुलांची शाळा अर्धवट. इथल्या एकाही उद्योगाच्या हिशेबात त्यांचा वाटा मला दिसलेला नाही. सह्याद्रीच्या कुशीतले धनगरवाडे आणि जमिनीचा कागद नसलेली कातकरी घरं यांचंही तेच. बचत गटात येण्यासाठी दर महिन्याला टाकायला थोडे पैसे आणि बैठकीला जायला रस्ता लागतो, आणि ज्यांच्याकडे दोन्ही नाही ते गटाच्या बाहेरच राहतात.

दोन गोष्टी मात्र कुठल्याही उद्योजकाच्या हाताबाहेरच्या आहेत.

पहिली समुद्रात आहे. पर्ससीनची मोठी जाळी एका रात्रीत बांगड्याचा अख्खा थवा उचलतात, मग किनाऱ्याला रापण रिकामी येते. राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर मर्यादा घातल्या, केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांची मासेमारी बंद केली, पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. नियम आहेत. ते पाळले जावेत म्हणून मालवणचे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं मोर्चे काढत आहेत. ज्या सरकारला समुद्रावर गस्त घालणं जमत नाही, ते त्याच मच्छीमाराच्या बायकोला लोणच्याचं प्रशिक्षण देतं, तेव्हा मला राग येतो. लोणचं चांगलंच आहे. पण तिच्या घरचा मासा आधी वाचवा.

दुसरी गोष्ट सातबाऱ्यावर आहे. कोकणातला सातबारा उघडावा तर एका पाच गुंठ्यांवर तीस-चाळीस नावं. आजोबांचे भाऊ, त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या आत्या, मुंबईत वारलेले आणि वारस न लागलेले काका. जो गावात राहून कसतो त्याचा हिस्सा कागदावर कुठेच मोजून दाखवलेला नाही. काजूचं युनिट, गोठा, दोन खोल्या, काहीही काढायचं म्हटलं की बँक संमतीपत्रं मागते. आंबोली, चौकूळ, गेळे इथल्या, गावाने सामाईक धरलेल्या कबुलायतदार गावकर जमिनींचा गुंता तर कित्येक दशकांचा. माझ्या पाहण्यातल्या किती चांगल्या कल्पना भांडवलाअभावी नव्हे, सह्यांअभावी मेल्या.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सहहिस्सेदारांच्या संमतीने तहसीलदार वाटप करून देऊ शकतात. कायदा हाताशी आहे, माणसं एका जागी नाहीत. पण वर्षातून एकदा ती असतात. गणपतीला बोरिवलीचा, डोंबिवलीचा, सुरतेचा, सगळा भाऊबंद मूळ घरात जमतो; एकाच पडवीत जेवतो, एकाच आरतीला उभा राहतो. त्या पाच-सात दिवसांत तलाठी, भूमापक आणि तहसील कार्यालयाचा माणूस वाडीवाडीत येऊन बसला, वारस नोंदी आणि वाटपाचे अर्ज तिथेच भरून घेतले, तर जी सही वीस वर्षं मिळाली नाही ती विसर्जनाआधी मिळेल. मागच्या दारी गोठा बांधायला थांबलेली गावातली सून त्या दिवशी चहा घेऊन पडवीत येईल, आणि कागदावर आपल्या घराचा वाटा किती गुंठे पडला ते वाकून वाचेल.